मनाली-लेह सायकलने जाताय? दुरुस्तीच्या पिशवीत काय भरायचं

मनालीत आणि लेहमध्ये गिअरच्या सायकलींची बरीचशी कामं होतात. अडचण मधल्या टप्प्याची आहे. केलाँगच्या बाजारात नट-बोल्ट, वायर, चिकटपट्टी असं किरकोळ सामान मिळेल, पण दारच्याच्या पुढे उपशीपर्यंतचे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर तंबूंच्या भरवशावर काढायचे असते. झिंगझिंगबार, भरतपूर, सर्चू, पांग, देब्रिंग इथे चहा, मॅगी, आमलेट आणि झोपायला गादी मिळते. सायकलचं दुकान या पट्ट्यात नाही. ट्रकवाले मात्र असतात, आणि पकड, हातोडी, तार, जुन्या ट्यूबचा तुकडा त्यांच्याकडे हमखास असतो.

पिशवी भरताना हे ध्यानात ठेवलं की निम्मा गोंधळ संपतो. ट्रकवाल्याकडे किंवा धाब्यावर मागून मिळेल ते शक्यतो घरी ठेवा. ज्या वस्तूचं माप फक्त तुमच्या सायकलचं आहे ती मात्र वजनाचा विचार न करता घ्या. इंटरनेटवरची तयार यादी डोळे मिटून भरणारे इथेच फसतात. पिशवीत चौदा हत्यारं असतात, पण मागचे गिअर बदलणारा भाग ज्या तुकड्याला लटकतो तो हँगर मोडला, तर नवा कुठेच मिळत नाही.

आधी सायकल वाचा

कागद-पेन घेऊन सायकलजवळ बसा आणि एवढं लिहून काढा: टायरच्या कडेवर छापलेलं माप (२७.५ × २.१, २९ × २.२ किंवा ७०० × ४० असं काहीतरी), व्हॉल्व्ह जाड मोटारसायकलसारखा आहे की बारीक प्रेस्टा, मागे किती गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) आहे, ब्रेक डिस्कचे की रिमचे, डिस्क असल्यास केबलवर चालतात की ऑइलवर, आणि पॅडचा आकार. स्पोकची लांबी डोळ्यांनी कळत नाही, ती मेकॅनिककडून मोजून घ्या. शेवटी, सायकलीवरचा प्रत्येक स्क्रू आणि बोल्ट कोणत्या मापाच्या किल्लीने फिरतो ते एकेक करून तपासा. बहुतेक सायकलींना २.५, ३, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन की, डिस्कच्या सहा स्क्रूंना टी-२५ आणि एक फुली स्क्रू ड्रायव्हर लागतो. पेडलला कधी ८ ची अॅलन की लागते, तर कधी १५ चा पाना. ज्या मापाचा बोल्टच नाही त्याची किल्ली नेऊ नका. घडीच्या मल्टिटूलमध्ये बहुतेक सगळं येतं, पण त्यातली ५ ची किल्ली आखूड पडते आणि कॅरिअरचा घट्ट बोल्ट तिने सुटत नाही. ५ ची एक लांब दांड्याची अॅलन की वेगळी घ्या.

हवा आणि पंक्चर

स्वतःच्या मापाच्या दोन नव्या ट्यूब प्रत्येकाकडे हव्यात. त्या खोक्यातून काढून, थोडी टाल्कम पावडर लावून जुन्या मोज्यात घाला. हत्यारांच्या पिशवीत उघडी ठेवलेली ट्यूब रस्त्याच्या खडखडाटाने पान्याला घासत राहते, आणि गरजेच्या वेळी बाहेर काढावी तर तीच पंक्चर निघते. सोबत लागतील तीन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर, बारा-पंधरा पॅच, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सोल्यूशनच्या दोन *न उघडलेल्या* छोट्या ट्यूब. एकदा सील फोडलं की सोल्यूशन काही आठवड्यांत आतल्या आत वाळून जातं, म्हणून गेल्या वर्षीची अर्धी ट्यूब मोजू नका. सोल्यूशन ज्वालाग्राही असतं, त्यामुळे विमानाने जाणाऱ्यांनी ते मनालीत कुठल्याही पंक्चरवाल्याकडून घ्यावं. गोंद न लागणारे चिकट पॅच तात्पुरते बरे. पण थंडीत, वजन लादलेल्या चाकात ते चार दिवस टिकतील या भरवशावर राहू नका.

पॅच निघण्याची कारणं दोनच असतात: नीट खरवडलं नाही, किंवा घाई केली. भोकाभोवती पॅचपेक्षा मोठा भाग चकाकी जाईपर्यंत घासा आणि रबराची पूड झटका. सोल्यूशनचा थर पातळ हवा, पॅचच्या कडेबाहेर थोडा जाईल इतकाच. तो ओला असताना पॅच लावायचा नसतो. चमक जाऊन तो कोरडा दिसू लागला पाहिजे. पुण्यात याला चार-पाच मिनिटं लागतात. सर्चूच्या सकाळी त्याहून जास्त लागतात, म्हणून सोल्यूशनची ट्यूब आधी काही मिनिटं खिशात गरम होऊ द्या. पॅच बसवून मध्यापासून कडेकडे लिव्हरच्या पाठीने दाबत जा. वरचा पारदर्शक कागद ओढू नका, त्याच्याबरोबर कडही उचलते.

पॅचपेक्षा महत्त्वाचं म्हणजे भोक कशाने पडलं ते शोधणं. चाक बाहेर काढल्यावर टायर आणि ट्यूब एकमेकांना कशी बसली होती ती जागा सोडू नका. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवण्याची सवय असली की ट्यूबचं भोक पाहून टायरमधली जागा लगेच सापडते. मग आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, टायरच्या तारेचा बारीक तुकडा नखात शिरतो. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा, तार किंवा टोकदार दगड. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेपली. भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे, आणि पट्टी नीट केल्याशिवाय तिसरी ट्यूबही जाणार. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली ट्यूब फेकायची, तिला पॅच धरत नाही. ती पूर्ण फेकू नका, त्या रबराच्या पट्ट्या पुढे कामाला येतात.

टायरची कड दगडाने चिरली तर ट्यूब बदलून भागत नाही, चिरेतून ती फुग्यासारखी बाहेर येते. त्यासाठी जुन्या टायरच्या पातळ कडेचे ४ × ७ सेंटिमीटरचे दोन तुकडे घरूनच कापून आणा. त्यांच्या कडा गोलाकार तासून ठेवा, म्हणजे ट्यूबला रुतत नाहीत. टायर नवे असतील आणि गटातल्या सगळ्यांचं माप एकच असेल तर घडीचा एक टायर चौघांत पुरतो. मापं वेगळी असतील तर जुन्या टायरवर निघायचं नाही, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

पंप हातानेच मारायचा, आणि तो मोठ्या पोटाचा हवा. सीओटूच्या कुप्या शर्यतीसाठी ठीक आहेत. इथे त्या संपल्या की संपल्या, आणि तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ लागतं. उंचीचा हिशेबही लक्षात घ्या. तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे एका दट्ट्यात हवाही निम्मीच जाते. घरी शंभर दट्टे लागत असतील तर तिथे दोनशेच्या आसपास मारावे लागतील, तेही दम लागलेला असताना. पंपाचा वॉशर कोरडा पडला असेल तर निघण्याआधी त्याला थेंबभर ग्रीस लावा आणि एकदा रिकाम्या ट्यूबवर पूर्ण हवा भरून बघा.

‘उंचीवर टायर फुटतात’ ही भीती मात्र सोडून द्या. बाहेरचा दाब कमी झाल्याने मनालीपासून तांगलांग लापर्यंत गेजवरचा आकडा फार तर चारेक पीएसआयने वाढतो, आणि थंडीने त्यातलाही काही भाग खाऊन टाकतो. टायर फुटतो तो उतारावर तापलेल्या रिमने किंवा दगडाने.

ट्यूबलेस वापरणाऱ्यांनी प्लगचे पाच-सहा दोरे, टोचणी, व्हॉल्व्हचा एक सुटा कोअर आणि ६० मिली सीलंट घ्यावं, आणि तरीही दोन ट्यूब घ्याव्यातच.

चेन आणि गिअर

चेन तुटते ती बहुधा चढावर, जोरात पेडल मारता मारता गिअर बदलताना. चेन टूल आणि तुमच्या कॅसेटच्या मापाच्या क्विक लिंकच्या (चेन झटपट जोडणाऱ्या सुट्या दुव्याच्या) दोन जोड्या घ्या. ९ गिअरच्या चेनला १० ची लिंक बसत नाही, बसल्यासारखी वाटली तरी अडते किंवा सुटते. त्याच चेनचे चार-पाच दुवे सोबत ठेवा. मोडका दुवा काढून चेन आखूड झाली तर पुढच्या-मागच्या सगळ्यात मोठ्या दात्यांच्या (दातेरी चकत्यांच्या) जोडीवर ती ताणली जाऊन डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तुटू शकतो, म्हणून काढले तेवढे दुवे पुन्हा घालायचे.

हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याला लटकतो तो. डिरेलर आणि फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा बसच्या टपावर बांधताना दबली की तो आधी वाकतो. त्याचे शेकडो आकार आहेत आणि तुमच्या मॉडेलचा लेहमध्येही मिळेलच असं नाही. मागवायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेव्हा तिकिटं काढली की लगेच तोही मागवा. सगळ्या पिशवीत एकच वस्तू घ्यायची मुभा दिली तर ती हीच घ्यावी. वाकलेल्या हँगरवर सर्वांत मोठा दाता टाकला तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि चाक, डिरेलर, चेन तिन्ही एकदम जातात. शंका आली की मागून बघा: डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांची रेघ कॅसेटच्या दात्याला समांतर हवी.

हँगर नाही आणि डिरेलर तुटला, तर सायकल एकाच गिअरची करता येते. चेन तोडा, डिरेलर काढून ठेवा, पुढचा लहान आणि मागचा मधला असे सरळ रेषेत येणारे दाते निवडा आणि चेन ताणून बसेल इतकी आखूड करून क्विक लिंकने जोडा. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर हे जमत नाही. चढावर हे दुःखदायक आहे, पण पांगपर्यंत पोचवतं.

गिअरची केबल तुटली की मागचा डिरेलर सर्वांत लहान दात्यावर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जाऊन बसतो. म्हणून १.२ मिलिमीटरची एक सुटी केबल हवीच, मागपर्यंत पोचणारी. ती घरीच जुन्या केबलला लावून मापात कापून घ्या आणि टोकाला टोपी बसवा किंवा फेव्हिक्विकचा थेंब लावा. रस्त्यावर बोथट पकडीने केबल कापली की टोक फुलतं आणि मग ती आवरणात जात नाही. केबल नसेलच, तर डिरेलरकडून निघालेला तुकडा हाताने ओढून मधल्या दात्यावर गिअर आणा आणि तो तुकडा फ्रेमवरच्या बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टखाली वायसरसकट आवळा. तोच गिअर कायमचा.

स्पोक: सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट

सामान लादलेल्या सायकलीचं मागचं चाक, आणि त्यातही चेनच्या बाजूचे स्पोक, आधी तुटतात. कॅसेटला जागा द्यायची म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, तुमचं वजन आणि मागच्या पिशव्याही त्यांच्यावरच. एका सायकलीला साधारण तीन लांबीचे स्पोक लागतात. कुठले ते मोजून चेनच्या बाजूचे तीन, दुसऱ्या बाजूचे दोन आणि पुढच्या चाकाचे दोन घ्या, निपलसकट (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट). पिशवीत ते वाकतात, म्हणून फ्रेमच्या मागच्या नळीला चिकटपट्टीने बांधा किंवा सीटच्या दांड्यात कापसाचा बोळा लावून ठेवा. निपलची किल्ली नेमक्या मापाची हवी: ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलिमीटर ही मापं एकमेकांना जवळ असली तरी सैल किल्लीने निपलचे कोपरे झिजतात आणि मग ती कशानेच फिरत नाही.

आता अडचण अशी की चेनच्या बाजूचा स्पोक कॅसेट काढल्याशिवाय हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) जातच नाही. कॅसेटचं नेहमीचं हत्यार, चेनचा चाबूक (कॅसेट फिरू न देणारी दांडी) आणि मोठा पाना वाहून नेणं वेडेपणाचं. दोन पर्याय आहेत. एक, कॅसेटचं लॉकरिंग (तिला जागेवर आवळणारी कडी) सोडवणारं छोटं हत्यार, जे फ्रेमला टेकवून पेडल फिरवल्यावर लॉकरिंग ढिलं करतं. ते तुमच्या अॅक्सलच्या प्रकाराला चालतं का, हे घरी करूनच बघा. दुसरा, दोऱ्याचा तात्पुरता स्पोक. तो कॅसेट न काढता हबच्या भोकातून ओवता येतो आणि लेहपर्यंत धरतो. एकट्याने जाणाऱ्याला दुसरा पुरेसा. गटाने जाणाऱ्यांनी दोन्ही घ्यावे.

स्पोक तुटल्याचा टणकन आवाज आला की थांबा. तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळून ठेवा, नाहीतर तो डिरेलरमध्ये अडकतो. उजवीकडचा स्पोक गेला तर त्या जागी रिम डावीकडे ओढली जाते. मग त्याच्या दोन्ही शेजारचे डावे स्पोक अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, म्हणजे चाकाचा आउट (वाकडं फिरणं) बराच कमी होतो. बाकी काम पाव फेऱ्याने करायचं, प्रत्येक वेळी चाक फिरवून बघत. एकच निपल दोन फेरे आवळणाऱ्याचं चाक अंडाकृती होतं. एकही स्पोक सुटा नसताना एक तुटला, तर मागचं सामान पुढे किंवा सोबत्याच्या सायकलवर द्या आणि उतार हळू घ्या. असं बऱ्याच अंतरापर्यंत जाता येतं. दोन लगोलग तुटले तर ट्रकला हात करा.

निघण्याआधी मागचं चाक चांगल्या मेकॅनिककडून ताणून घेतलेलं असेल, तर या प्रकरणाची बहुधा गरजच पडणार नाही.

ब्रेक

डिस्कचे पॅड दोन चाकांसाठी प्रत्येकी एक जोडी. नव्या पॅडवर साधारण २ मिलिमीटर लेप असतो, तो अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचा. बारालाचा लाच्या बाजूला नाल्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि त्यातली वाळू पॅडवर बसते. ओल्या वाळूत पॅड झपाट्याने झिजतात. धातूमिश्रित पॅड अशा वेळी जास्त टिकतात, आवाज करतात ते चालवून घ्या. मात्र रोटरवर (ब्रेकच्या डिस्कवर) ‘फक्त रेझिन पॅड’ असं लिहिलेलं असेल तर ते लावू नका. पॅड बदलताना जुना पॅड जागेवर असतानाच पिस्टन सपाट लिव्हरने आत ढकलायचे.

ऑइल ब्रेकवाल्यांनी एक पातळ प्लॅस्टिकचा तुकडा पॅडमध्ये घालायला सोबत ठेवावा. चाक काढलेलं असताना कुणी चुकून लिव्हर दाबला की पॅड चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. रस्त्यावर ऑइल बदलण्याचा विचार सोडा, ते निघण्याआधी करून घ्या. शिमानोचं मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइड एकमेकांच्या जागी चालत नाही, आतली सील फुगून ब्रेक कायमचा जातो. ट्रकवाल्याने प्रेमाने देऊ केलेलं ब्रेक ऑइल म्हणूनच नको म्हणा. केबलच्या ब्रेकला सुटी केबल घ्या, तिचं डोकं तुमच्या लिव्हरला बसतं का ते बघून. सरळ हँडलच्या लिव्हरला पिंपासारखं डोकं लागतं, वाकड्या हँडलच्या लिव्हरला पेरूसारखं.

बोल्ट, तार, पट्टी

दिवसभर खडखडाट असलेल्या रस्त्यावर कॅरिअरचे बोल्ट सुटतात. सुटलेला पडतो, उरलेल्यावर सगळा भार येऊन तो मोडतो. एम-५ चे १६ मिलिमीटरचे सहा बोल्ट, चार वायसर आणि चार नायलॉनचे नट एका फिल्मच्या डबीत घाला. बसवताना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, लाल नको, कारण ते नंतर सुटत नाही. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट असतील तर त्यांचे दोन बोल्ट. केबल टाय लहान-मोठे मिळून पंधरा, स्टीलचे दोन क्लॅम्प, मीटरभर बारीक तार. कापडी चिकटपट्टीचं भेंडोळं नेऊ नका, पंपावर दीड-दोन मीटर गुंडाळा. कॅरिअरची दांडी मोडली तर तंबूची खुंटी किंवा बांबूची काडी बाजूला लावून ट्यूबच्या पट्टीने कच्चून बांधा आणि वर क्लॅम्प आवळा. चिकटपट्टी एकटी टिकत नाही.

चेनचं तेल ५० मिली पुरतं. मोरे मैदानाची धूळ ओल्या तेलावर बसून चिखल होतो आणि नाल्यांत कोरडं तेल धुऊन जातं. तेल कोणतंही असो, संध्याकाळी फडक्याने चेन पुसून प्रत्येक दुव्यावर थेंबभर टाका आणि सकाळी वरचं पुसून काढा. जुना टूथब्रश, दोन फडकी आणि रबरी हातमोज्यांची एक जोडी याच पिशवीत.

कुठे काय ठेवायचं

सगळं एका पिशवीत कोंबू नका. रोज लागणारं (एक ट्यूब, लिव्हर, पॅच, मल्टिटूल, क्विक लिंक) सीटखाली किंवा हँडलच्या पिशवीत. पंप फ्रेमला, रबराने घट्ट. दुसरी ट्यूब, केबल, पॅड, हँगर, बोल्टची डबी असं क्वचित लागणारं मागच्या पॅनिअरच्या (कॅरिअरला लटकणाऱ्या पिशवीच्या) तळाशी, जिपलॉकमध्ये. तेल वेगळ्या पिशवीत, कपड्यांपासून आणि विशेषतः ब्रेक पॅडपासून लांब, कारण तेल लागलेला पॅड पुन्हा नीट धरत नाही. एकट्याचा सगळा ऐवज दीड किलोच्या आसपास बसतो. चौघे असतील तर चेन टूल, पकड, कॅसेटचं हत्यार, सुटा टायर, तेल हे सामायिक करता येतं. ट्यूब, हँगर, पॅड मात्र ज्याचे त्याने आपले घ्यायचे. सामायिक सामान नेहमी सर्वांत मागे चालणाऱ्याकडे द्या. पुढे गेलेल्याकडे हत्यारं असली, तर मागे अडकलेला त्याच्या परतण्याची वाट बघत बसतो.

विमानाने जाताना हत्यारं चेक-इन सामानात, पेडल काढून. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते काढायला किल्ली घड्याळाच्या दिशेने फिरवायची. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून फ्रेमच्या आत बांधा, प्रवासात हँगर वाकायची शक्यता फार कमी होते.

पिशवी भरून झाली की एक रविवार तिच्यासाठी ठेवा. पुणेकरांनी ताम्हिणी, नाशिककरांनी कसारा, पूर्ण सामान लादून. घाटात मागचं चाक काढून ट्यूब बदला, चेन मुद्दाम तोडून जोडा, पॅड काढून पुन्हा बसवा, आणि हे सगळं फक्त त्या पिशवीतल्या हत्यारांनी करा. ज्या बोल्टला किल्ली पोचत नाही तो तिथेच सापडेल. मग संध्याकाळी घरी येऊन, न वापरलेल्या वस्तूंपैकी कोणती कुठल्या बिघाडासाठी घेतली आहे ते एकेकीबद्दल सांगून बघा. जिचं उत्तर ‘असू दे’ एवढंच येतं, ती कपाटात ठेवा.